कशावरून? : रोजच्या कामांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

बाबांच्या अवजारांचा डबा चार वर्षं कपाटावर पडून होता. काल खाली उतरवला. दोन पटाश्या, एक लहान रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, कानस, धार लावायचा दगड आणि तळाशी पेन्सिलींचे बोटभर उरलेले तुकडे निघाले. बाबा सुतार नव्हते. आयुष्यभर कचेरीत हिशेब लिहिले त्यांनी. पण सुट्टीच्या दिवशी घरातलं काही दुरुस्त करायला बसले की त्यांचा चेहराच वेगळा दिसायचा. मी हाताखाली असायचे. पॉलिश पेपरनं घासायला दिलेली फळी घेऊन जायचे आणि म्हणायचे, "झालं."

"कशावरून गं?"

हे रागावून नसायचं. त्यांना खरोखर उत्तर हवं असायचं. "गुळगुळीत दिसतेय" एवढ्यानं भागत नसे. डोळे मिटून तळहात फिरव, उजेडाकडे तिरपी धरून बघ, मग सांग म्हणायचे. मी पुन्हा बघायचे, आणि बहुतेक वेळा कुठे ना कुठे एक ओरखडा सापडायचाच.

डबा उघडल्यापासून तो प्रश्न डोक्यात आहे. दिवसभरात माझ्या हातून पन्नास कामं होतात. त्यातली फार थोडी मी करते, बाकीची उरकते. काम हातावेगळं झाल्याचा आनंद असतो, पण ते नीट झालं का हे बघायला मी थांबत नाही. म्हणून हा प्रकल्प. सहा महिने, एका वेळी रोजचं एकच काम घ्यायचं. ते 'झालं' हे कशावरून ओळखायचं ते शोधायचं आणि इथे लिहायचं. नवीन अवजार विकत घ्यायचं नाही. कामासाठी खास मुहूर्त काढायचा नाही. ते एरवी जेव्हा होतं तेव्हाच होईल.

९ जानेवारी

पहिलं काम घरातल्या सुरीला धार लावण्याचं. बोथट सुरी जास्त धोक्याची असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती घसरते. हे माहीत असूनही मी कित्येक महिने तशीच वापरत आलेय.

दगड पाण्यात भिजवून सुरी फिरवायला लागले आणि दहा मिनिटांत लक्षात आलं, काहीच होत नाहीये. मग दगड नीट पाहिला. मधोमध खोलगट झाला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी घासल्यामुळे दगड असा झिजतो, आणि खोलगट दगडावर पात्याचा कोन कायम राहत नाही.

दगड सपाट करायचा तर काचेवर खरखरीत पॉलिश पेपर पसरून त्यावर घासायचा. अवघड काही नाही. पण तो खळगा बाबांच्या हातानं पडलेला. दगड तसाच टेबलावर ठेवला.

११ जानेवारी

आज सपाट केला. पृष्ठभागावर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघांची जाळी काढली आणि घासत गेले. कडांवरच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. सगळी जाळी पुसली गेली तेव्हा दगड सपाट झाला. याहून स्पष्ट 'कशावरून' सापडणार नाही. पाऊण तास लागला. खळगा गेला याचं वाईट वाटलं. पण दगड धार लावण्यासाठी आहे, आणि बाबांनी तो तसाच जपून ठेवला असता असं मला वाटत नाही.

१४ जानेवारी

सुरीच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ ते २० अंशांचा कोन हवा. तो हाताला कळायचा कसा? कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश होतो, पुन्हा दुमडला की साडेबावीस. ती घडी दगडावर उभी ठेवायची आणि सुरी तिच्यापेक्षा किंचित खाली धरायची. धारेलगत काळ्या मार्करनं रेघ ओढून ठेवली तर आणखी सोपं. दोनचार वेळा फिरवून बघायचं की शाई कुठून गेली. फक्त वरच्या बाजूनं गेली असेल तर कोन कमी पडतोय, अगदी कडेचीच गेली असेल तर जास्त होतोय.

पहिली बाजू पुरेशी घासली गेली की धातूची अतिशय बारीक किनार पलीकडच्या बाजूला उलटते. डोळ्यांना दिसत नाही. अंगठा पात्याकडून धारेकडे, धारेच्या बाहेर नेला (धारेच्या लांबीवरून कधीही नाही) की ती खरखर लागते. संपूर्ण लांबीभर लागली तरच बाजू बदलायची. माझ्या सुरीच्या टोकाजवळ दोन बोटं जागेत ती लागेना. एरवी मी सरळ बाजू बदलली असती. आज टोकापाशी मूठ थोडी उचलून परत घासलं, कारण तिथे पातं वळतं आणि हातानंही वळावं लागतं.

शेवटी ती उलटलेली किनार अगदी हलक्या हातानं काढायची. मग कागद हवेत धरून कापून बघायचा. फाटला तर नाही झालं. अडला तर अडला तिथे नाही झालं. माझा कागद वरून खालपर्यंत सरळ, आवाज न करता कापला गेला. मी सात कागद कापले.

२ फेब्रुवारी

मधे दोन आठवडे काही झालं नाही. घरात आजारपण होतं.

आज गुण्या. ज्यानं काटकोन तपासायचा तोच बरोबर आहे हे कशावरून? याची रीत इतकी देखणी आहे की ती कळली तेव्हा मी बाबांना दुसऱ्यांदा करून दाखवायला लावलं होतं. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारायची. मग गुण्या उलटा करायचा, त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते. म्हणजे चूक स्वतःच मोठी होऊन समोर येते.

आमचा गुण्या खरा निघाला. त्याच उत्साहात घरातल्या काटकोनी असायला हव्यात अशा सगळ्या गोष्टी तपासल्या. मागच्या खोलीचं फळ्यांचं दार आणि चौकट यांच्यातली फटही मोजली: कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत २ मिमी. तिचा काही उपयोग होईल असं आत्ता वाटत नाही, पण मोजली आहे तर लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

बटण. मी आजवर बटणं कापडाला घट्ट आवळून शिवत आले, आणि ती पुन्हा का तुटतात याचा विचार केला नाही. बटण लावल्यावर काजाचं कापड बटणाखाली बसतं. त्याला जागा लागते. बटणावर आडवी काडी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढायची, बटण वर ओढायचं आणि खाली जो सैल दोरा उरतो त्याला चारपाच वेढे देऊन मान तयार करायची. सदरा अंगात घालून बटण लावलं आणि कापड चुरगळलं नाही, की झालं. सदऱ्याची चार बटणं उसवून परत लावली.

२३ फेब्रुवारी

घरातून निघताना कुलूप. जिन्यापर्यंत जाऊन परत येणं हे माझं नेहमीचं. कुलूप लावलेलं असतं, पण मी लावलं हे मला आठवत नाही. हात तिथे होते, मी नव्हते.

जपानच्या रेल्वेतले कर्मचारी सिग्नलकडे, वेगमापकाकडे, फलाटाकडे बोट दाखवतात आणि काय दिसतंय ते मोठ्यानं म्हणतात. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं. पण डोळे, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की सवयीनं काम घसरत नाही, म्हणून ती शिस्त तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. गेले दहा दिवस मी कुलपाकडे बोट दाखवून "लागलं" म्हणते. एकदाही परत फिरले नाही. हेच आता गॅसच्या बटणाला आणि आईच्या गोळ्यांच्या डबीला.

९ मार्च

खुर्ची. बाबांची, लाकडी, डुगडुगणारी. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या सैल सांध्यांत डिंक ओतला होता आणि काम झालं म्हणाले होते. सहा महिन्यांत ती पुन्हा हलायला लागली.

आज पूर्ण उघडली. मोगरीनं हळूहळू ठोकत एकेक सांधा सुटा केला. माझा डिंक जुन्या डिंकाच्या थरावर चकचकीत बसलेला होता, लाकडाला त्याचा स्पर्शही नव्हता. हा डिंक लाकडाच्या उघड्या तंतूंत शिरला तरच धरतो. जुना थर खरवडून काढल्याशिवाय वर कितीही ओता, उपयोग नाही.

खुर्ची उलटी केल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर, एरवी कधीच दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीनं जोडीचे आकडे: १-१, २-२, असे आठपर्यंत. बाबांनी ही खुर्ची पूर्वी कधीतरी उघडली होती. कुठला तुकडा कुठे बसतो हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून ते आकडे. ४ चा आकडा त्यांच्याच वळणाचा, डोकं उघडं असलेला. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

१५ मार्च

आठवडाभर रोज थोडं थोडं खरवडलं. पटाशीची धार आडवी धरून ओढायची, म्हणजे डिंक निघतो आणि लाकूड कापलं जात नाही. लाकूड जास्त गेलं तर सांधाच सैल होईल. पिवळट चमक गेली आणि कोरडं लाकूड दिसलं की थांबायचं.

डिंक न लावता आधी सगळी खुर्ची जोडून पाहिली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेन. डिंक लावल्यावर हाताशी मोजकी मिनिटं असतात. त्या वेळी तुकडे शोधायचे नसतात. मग डिंक, आणि चहूबाजूंनी दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ दिला. सांधे आवळले गेले. बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजले. एक ४ मिमीनं जास्त भरला. लांब कर्णाच्या दिशेनं चौकट दाबली, परत मोजले, सारखे आले. दोरी पूर्ण एक दिवस सोडायची नाही.

१६ मार्च

खुर्ची जमिनीवर ठेवली आणि ती डुगडुगली.

सांधे पक्के होते, पण एक पाय अधांतरी. आठवडाभराचं काम, आणि पुन्हा तोच आवाज. करवत काढली. लांब वाटणाऱ्या पायावर पेन्सिलीची खूणसुद्धा केली. मग गुण्या आठवला. खुर्ची त्याच जागी पाव वळसा फिरवली. आता दुसराच पाय अधांतरी होता, पण जमिनीवरची जागा तीच. आणखी पाव वळसा फिरवली, तरी जागा तीच. खुर्ची सरळ होती, फरशी खोलगट होती.

करवत परत ठेवली. हात थोडे थरथरत होते. कापलेला पाय परत लांब होत नाही.

संध्याकाळी जवसाच्या तेलाचा हात दिला. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यात उष्णता निघते. तेलाचं फडकं बोळा करून टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून फडकं बाहेर दोरीवर पसरून वाळत घातलं. काम खुर्चीपाशी संपत नाही, फडक्यापाशी संपतं.

३ एप्रिल

या आठवड्यात कचेरीचं काम घेतलं. रजेवर जाण्याआधी सहकाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवायच्या होत्या. एरवी मी त्या लिहून, एकदा डोळ्यांखालून घालून पाठवते. मग रजेत फोन येत राहतात आणि मी वैतागते.

या वेळी सूचना त्यांच्या हातात दिल्या आणि शेजारी गप्प बसले. ठरवलं होतं, बोलायचं नाही. ते तीन ठिकाणी अडले. एका ठिकाणी मी 'नेहमीची फाइल' असं लिहिलं होतं. ती फक्त माझ्यासाठी नेहमीची. गप्प बसणं फार कठीण गेलं. तिन्ही जागा सुधारल्या. रजेत एकही फोन आला नाही.

२० एप्रिल

आज चुकलं.

लेक नऊ वर्षांची आहे. तिनं आपणहून कपड्यांच्या घड्या घातल्या आणि "आई, झालं" म्हणत आली. मी ढिगाकडे एक नजर टाकून म्हणाले, "कशावरून?"

शब्द बाबांचे होते, आवाज त्यांचा नव्हता. तिनं घड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मग तूच कर." खोलीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. बाबा विचारायचे तेव्हा उत्तर कसं शोधायचं हे त्यांनी मला आधी दिलेलं असायचं: डोळे मीट, हात फिरव, उजेडाकडे धर. मी तिला काहीच दिलं नव्हतं. नुसता दोष काढला होता. आणि गेले तीन महिने मी घरातल्या सगळ्या वस्तू उलटसुलट करून तपासत होते, पण स्वतःच्या नजरेला तो उलटा गुण्या लावला नव्हता.

२१ एप्रिल

सकाळी तिची माफी मागितली. मग दोघी घड्या घालत बसलो. मी तिला एक पारख सांगितली: चांगली घडी कडेवर उभी केली तर पडत नाही. ती हातात दोन घड्या घेऊन थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तिची पारख वेगळी आहे. घडी वर उडवून झेलायची. उघडली नाही तर झालं. पाच कपडे उडवले. तीन उघडले. ते तिनं स्वतःच परत घातले, मी काही म्हणाले नाही.

१८ मे

आईची नखं. हे काम मी दर पंधरवड्यानं करते आणि खरं सांगायचं तर टाळत टाळत करते. तिच्या पायाची नखं जाड झाली आहेत, तिला वाकता येत नाही, आणि मला भीती वाटते.

तयारी सुतारकामासारखी केली. खिडकीतला उजेड पायावर पडेल अशी तिची खुर्ची (बाबांचीच) फिरवली. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, म्हणजे नखं मऊ होतात. पायाची नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर ती मांसात शिरतात. एका घावात नाही, छोट्या छोट्या तुकड्यांत. मग कानशीनं कडा मोडायच्या आणि बोट फिरवून बघायचं, चादरीला अडकेल असं काही राहिलं का.

हे सगळं बरोबर झालं, तरी ते झालं असं मला वाटेना. तिचा पाय माझ्या हातात होता आणि पोटरी ताठ होती. तिलाही भीती वाटत होती. माझ्यासारखीच.

१ जून

आज परत. कापण्याआधी नुसता पाय हातात धरून बसले, बोलत. पोटरी सैल होईपर्यंत कात्री उचलली नाही. मधेच तिनं आवळली, मी थांबले. शेवटच्या दोन बोटांच्या वेळी पायाचा सगळा भार माझ्या तळहातावर आला.

"आज घाईत नाहीस वाटतं," आई म्हणाली.

पूर्वीही मी घाईत नव्हते, असं म्हणणार होते. म्हणाले नाही.

१४ जून

जपानी विचारवंत सोएत्सु यानागी यांच्याविषयी वाचत होते. १९२५ मध्ये त्यांनी आणि शोजी हामादा, कानजिरो कावाई या कुंभार मित्रांनी 'मिंगेई' हा शब्द घडवला. अर्थ, लोकांची कला. रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांनी केलेल्या, सही नसलेल्या वस्तू. १९३६ मध्ये टोकियोत अशा वस्तूंचं संग्रहालय उघडलं. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण माझं मन वस्तूंपेक्षा त्या अनाम माणसाच्या एखाद्या साध्या मंगळवारच्या दुपारपाशी जास्त घुटमळतं. चाळिसावा वाडगा करताना, कोणी बघत नसताना, त्यानं बूड हातानं चाचपलं असेल. खुर्चीखालचे ते आकडे मला तशा दुपारचे वाटतात.

३ जुलै

मागच्या खोलीचं दार घासायला लागलं आहे. आज सकाळी खांद्यानं ढकलून उघडावं लागलं. सगळ्यांचं म्हणणं, रंधा मार. रंध्याच्या पात्याला गेल्याच महिन्यात धार लावली आहे, ते कागद आवाज न करता कापतं. हात शिवशिवत होते.

आधी बिजागऱ्या पाहिल्या. स्क्रू सैल झाले तर दार लोंबतं आणि वरचा कोपरा घासतो. सगळे घट्ट आहेत. मग दाराच्या कडेला खडू फासला, दार लावलं, उघडलं. खडू चौकटीवर वरपासून खालपर्यंत सारखा उमटला. म्हणजे लोंबलेलं नाही, रुंदीच वाढली आहे. लाकूड दमट हवेत फुगतं ते तंतूंच्या आडव्या दिशेनं. लांबीत जवळजवळ नाहीच. फळ्या उभ्या आहेत, त्यामुळे दार रुंद झालं.

फेब्रुवारीतली नोंद काढली. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत २ मिमी. आज शून्य. आत्ता तासलं तर कोरड्या दिवसांत त्या फटीत तासलेल्या लाकडाची भर पडणार, आणि ते लाकूड परत लावता येणार नाही.

कडेवर मेणबत्ती घासली, तेवढ्यापुरतं दार सरकतंय. लेकीनं दोनदा उघडझाप करून पाहिली. मग डब्यातला पेन्सिलीचा तुकडा घेऊन दाराच्या कडेवर, लावल्यावर दिसणार नाही अशा जागी लिहिलं: '३ जुलै, ० मिमी. कोरड्या हवेत पुन्हा मोजणे.' रंध्याचं पातं तेलाच्या बोटानं पुसलं आणि तो परत डब्यात ठेवला.